न दुखणारा पाय

पायातली चप्पल वाटेत कोठे गळून पडली हे घरी पोहोचेपर्यंत कळलेच नाही, असे सांगणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ भेटतात. ऐकणारे हसतात आणि सांगणाराही हसतो. परंतु ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. चप्पल निसटणे, तळव्याखाली कापूस पसरल्यासारखे वाटणे, रात्री पायांची आग होणे किंवा त्यांना मुंग्या येणे, ही मज्जातंतू दुबळे होत असल्याची चिन्हे असू शकतात. आज त्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हे आहे.

कण्यापासून अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या तंतूंचे पोषण बिघडते, आणि जे सर्वांत लांब त्यांची टोके आधी निकामी होतात. म्हणूनच बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. घाम आणणारे तंतूही थकतात. मग कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात, आणि जंतूंना दार उघडे मिळते.

आता कोणी म्हणेल, दुखत नाही हे बरेच झाले की! याचे उत्तर मधुमेहाच्या नव्हे, कुष्ठरोगाच्या दवाखान्यात सापडले. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यातल्या, निजामाबादजवळच्या डिचपल्ली येथील कुष्ठरोग रुग्णालयाचे नाव जुन्या मंडळींनी ऐकले असेल. त्या काळी सर्वत्र समज असा की या रोगाने बोटे सडून झडतात. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांना हे पटेना. एकदा एक गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. तेथल्या एका मुलाने किल्ली सहज फिरवली, आणि पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत चिरलेले. त्याला पत्ताच नव्हता! रात्री झोपेत रुग्णांची बोटे उंदीर कुरतडत. त्यावर उपाय म्हणून मांजरे पाळण्यास दिली गेली. बोटे झडत होती ती प्रामुख्याने न कळलेल्या जखमांनी. हाच धडा पुढे मधुमेहींच्या पायांना लागू पडला.

आपल्या भागात तर पायाला शत्रू पुष्कळ. बाभळीचा काटा, ज्वारीची धसकटे, चैत्र-वैशाखातली डांबरी सडक. शाबूत पाय काटा लागताच वर उचलला जातो. बधिर पाय त्याच काट्यावर दिवसभर चालतो. म्हणून जे काम वेदनेचे ते डोळ्यांवर सोपवावे लागते. रोज रात्री दिव्याजवळ बसून तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकणे जमत नसेल तर आरसा धरावा किंवा सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. (यात लाज कसली?) आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. चप्पल-बूट घालण्यापूर्वी झटकावेत. कुरूप ब्लेडने कापण्याची आपली सवय तर सोडूनच द्यावी. थंडीत शेकोटीपाशी पाय शेकण्याचे सुखही अशांना महाग पडते.

सगळा बधिरपणा मधुमेहाचाच असतो असे मात्र नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, विशेषतः शुद्ध शाकाहारी माणसांत किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांत, हेच करते, दारूही करते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. १९८१ पासून प्रचारात आलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती औषधे मोफत मिळतात. उशीर केला तर रोग जातो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

तपासणी अगदी साधी आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवतात. डोळे मिटून, लागला की 'हो' म्हणायचे. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा ती करून घ्यावी, पाय दुखत नसला तरी.