जुना संगणक आणि नवा पडदा

१९८१ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 'बीबीसी मायक्रो' हा संगणक बाजारात आणला. ब्रिटनच्या शाळाशाळांतून तो पोहोचला. आणि १९८४ मध्ये भारत सरकारने 'क्लास' ही शालेय संगणक-साक्षरतेची योजना हाती घेतली तेव्हा याच यंत्राची निवड झाली. असे एखादे यंत्र आज माळ्यावरून काढले, त्याच्या वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर बदलले, तर पुष्कळदा ते आपला ओळखीचा दोन सुरांचा आवाज देऊन जागे होते. नव्या मॉनिटरचा पडदा मात्र काळाच राहतो. यंत्र मेले असे समजून ते भंगारात जाते ते येथेच, आणि त्याबरोबर त्याच्या तबकड्यांवरील धडेही जातात.

वस्तुतः दोष यंत्राचा नसतो. त्या काळच्या घरगुती संगणकाला दूरचित्रवाणी संचावर चित्र उमटवावे लागे. चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक आडवी रेषा ओढीत खाली उतरतो. ब्रिटनमध्ये आणि भारतातही अशा रेषा सेकंदाला १५,६२५ ओढल्या जात, आणि बीबीसी मायक्रो याच तालावर चित्र पाठवतो. १९८७ मध्ये आयबीएमच्या 'व्हीजीए' पद्धतीने हा वेग सुमारे ३१,५०० वर नेला. पुढे बहुतेक मॉनिटरांना त्याहून संथ ताल उमगेनासा झाला.

बरे, केवळ तालाचाच प्रश्न आहे असेही नाही. बीबीसी मायक्रोच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या तारांवर सुमारे ५ व्होल्टांचा दाब असतो किंवा नसतो. त्या तीन होय-नाहींतून आठ रंग होतात. व्हीजीएच्या तारेवर जास्तीत जास्त ०.७ व्होल्ट अपेक्षित असतात. तेव्हा खुंट्या जुळवून तार ओढणे हा उपाय नव्हे, अपाय होय.

सपाट दूरचित्रवाणी संच काही वेळा हा संकेत स्वीकारतो, पण त्याचा समज चुकतो. दूरचित्रवाणीचे चित्र विषम व सम रेषांच्या दोन अर्धांनी पुरे होते. संगणक बहुधा दोन्ही वेळा तेच अर्ध पाठवतो. संच ती दोन भिन्न अर्धे मानून एकत्र विणतो, आणि अक्षरांच्या कडा थरथरतात.

म्हणून मध्ये दुभाषा हवा. 'आरजीबी-टू-एचडीएमआय' हे उपकरण मुळात याच संगणकासाठी तयार झाले. अतिसूक्ष्म चित्रप्रकारात बीबीसी मायक्रो सेकंदाला १ कोटी ६० लाख ठिपक्यांच्या गतीने चित्र पाठवतो; त्यांतील प्रत्येक ठिपका नेमक्या क्षणी टिपून हे उपकरण नव्या पडद्याच्या भाषेत मांडते. त्यात 'रास्पबेरी पाय झीरो' हा चिमुकला संगणक असतो. त्याचा आर्म प्रोसेसर मूळ एकॉर्नच्याच १९८५ मधील रचनेचा वंशज. आजोबांचे बोलणे नातवानेच समजावून सांगावे, तसे हे झाले.

एवढ्यावरही एक लहानसे काम उरते. जुन्या पडद्याची रुंदी व उंची ४ : ३ या प्रमाणात असे, नव्याची बहुधा १६ : ९ असते. मॉनिटरला चित्र ताणू न देता दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्या. नाहीतर शाळेत त्या वेळी बेसिक भाषेत आखलेले वर्तुळ आज लंबगोल दिसते.