घराचे कागद (लेखांक ७) : वकील कुणाचा आणि कुठला?

मागच्या लेखांकात साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक पाहिला. तिथवर आलेल्या बहुतेक कुटुंबांत एक प्रश्न निघतोच : बँकेच्या वकिलाने कागद पाहिले, कर्ज मंजूर झाले, मग आपण पुन्हा वेगळा वकील कशाला करायचा? मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क असे खर्च समोर असताना हा प्रश्न पडणे रास्तच आहे. त्याचे उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवे.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील अहवाल देतो तो बँकेला. कर्ज थकले तर ही मालमत्ता विकून पैसे वसूल होतील का, एवढेच बँकेला पाहायचे असते. शिवाय बँक घराची पूर्ण किंमत कधीच देत नाही. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात तर घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. उरलेले पैसे तुमचे, म्हणजे पहिला फटका तुम्हालाच. आणि घराच्या मालकीवर उद्या कुणी दावा लावला तरी हप्ते थांबत नाहीत. बँकेच्या हाती तुमचा पगार असतो. पुन्हा तो अहवाल बहुतेकदा तुमच्या हातीही पडत नाही, त्याचा खर्च मात्र तुमच्याकडूनच घेतला जातो.

नव्या प्रकल्पात बिल्डरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट महारेराच्या संकेतस्थळावर असतो. तो जरूर वाचा, छापून ठेवा. पण तो बिल्डरच्या वकिलाने, बिल्डरने पुरवलेल्या कागदांवरून लिहिलेला असतो हे विसरू नका. 'आमचेच वकील दस्त करून देतात, वेगळी फी नाही' असे विक्री कार्यालयात गोड शब्दांत सांगितले जाते. दस्त टाइप करून नोंदवणे आणि तुमच्या बाजूने त्यातले प्रत्येक कलम तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम करायला तिथे कुणीही बसलेले नसते.

राहिले दुय्यम निबंधक कार्यालय. तिथे नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकीवर शिक्कामोर्तब केले, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याकडे विकण्याचा हक्क होता का, हे पाहणे निबंधकाचे काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतला एक नियम रद्द करताना हेच पुन्हा स्पष्ट केले. सातबाऱ्यावरचे नावसुद्धा, विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरे मानायचे, इतकेच महसूल संहिता सांगते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली आपली माणसे इथे फ्लॅट घेताना नेमकी इथेच फसतात. तिथे लँड रजिस्ट्रीतल्या मालकीच्या नोंदीमागे सरकारची हमी असते आणि खरेदीचे काम पाहणाऱ्या सॉलिसिटरला व्यावसायिक विमा घ्यावाच लागतो. आपल्याकडे नोंदीमागे तशी हमी नाही. मालकी शाबूत आहे की नाही हे एकेक जुना कागद जोडूनच ठरते, आणि ते काम तुमच्या वतीने करणारा एकच माणूस असतो : तुम्ही स्वतः नेमलेला वकील.

आता तो कुठला असावा? माझे मत ठाम आहे. घर ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्यातल्या जमिनींची कामे करणारा असावा. पुण्यात राहणारे लोक रत्नागिरीला घर घेताना पुण्यातल्या भाच्याला कागद दाखवतात. भाचा हुशार असतो, प्रेमाने फुकट पाहूनही देतो. पण महाराष्ट्रात जमिनीचा कायदा कागदावर एक दिसला, तरी जमिनींचे इतिहास जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे आहेत.

पुण्याभोवतीचे बघा. आज जिथे बारा मजली इमारती आहेत तिथे एके काळी कुळे शेती करत होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना मालकीचा हक्क दिला, पण कुळकायद्याच्या कलम ४३ ने ती जमीन विकण्यावर बंधनही घातले. २०१४ मध्ये हे बंधन बरेच सैल झाले. तरी ३२-म चे (कुळाच्या खरेदीचे) प्रमाणपत्र कधीचे, नजराणा भरला का, आणि २०१४ च्या आधी परवानगीशिवाय एखादी विक्री झाली होती का, हे फेरफारांतूनच उलगडते. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (विक्रीवर बंधन असलेली जमीन) दिसले की मुरलेला वकील तिथेच थांबतो. नवखा माणूस मालकाचे नाव वाचून पुढे जातो.

मुलुंड-ठाण्याच्या डोंगरउताराकडे वेगळीच गोष्ट. १९५० च्या दशकातल्या वनखात्याच्या नोटिशींच्या आधारे तिथल्या जमिनी 'खासगी वने' म्हणून नोंदल्या गेल्या. वर्षानुवर्षे राहत असलेल्या फ्लॅटधारकांची झोप उडाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात निकाल दिला तेव्हा कुठे त्यांना दिलासा मिळाला. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, म्हणून हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते. नागपूर-अमरावतीकडे नझूल (सरकारी) जमिनींच्या पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण पाहावे लागते. मराठवाड्याचा कुळकायदाच निराळा, १९५० चा हैदराबादचा. तिथे जुने कागद उर्दूत असतात आणि मदतमाश, खिदमतमाश असे इनामांचे प्रकार कळावे लागतात. कोकणात खोती गेली तरी सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग उरली. त्यातले निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही वारलेले, वारसांची नोंद नाही. अशा जमिनीत 'सगळ्यांची संमती आहे' हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. प्रत्येकाची सही दस्तावर लागते.

आणि गोवा. तिथे पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी संहिता आजही लागू आहे. बहुतेक विवाहांत संपत्ती पती-पत्नीची सामाईक असते, म्हणून विकताना दोघांच्या सह्या हव्यात, मालमत्ता एकाच्याच नावावर असली तरीही. वारसांची वाटणी 'इन्व्हेंटरी'च्या कार्यवाहीतून होते, जमिनीला मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) किंवा कोमुनिदादीचा (गावसंस्थेचा) संबंध असू शकतो, मूळ कागद पोर्तुगीज भाषेत असतात. सिंधुदुर्गातल्या अनुभवी वकिलानेसुद्धा म्हापशाच्या किंवा मडगावच्या वकिलाला विचारल्याशिवाय गोव्यातल्या कागदावर मत देऊ नये.

स्थानिक वकिलाचा आणखी एक उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईचे दस्त १९८५ पासून आणि उर्वरित राज्याचे २००२ पासून शोधता येतात. तीस वर्षांचा शोध घ्यायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी त्याआधीची सूची क्रमांक २ ची जाडजूड पुस्तके कार्यालयात बसून पाहावी लागतात. कुठल्या वर्षाची पाने फाटली आहेत, हद्द बदलल्यावर जुने गाव कोणत्या कार्यालयाकडे गेले, गट नंबर पडण्याआधीचा सर्व्हे नंबर कोणता, हे तिथे वर्षानुवर्षे बसणाऱ्यालाच ठाऊक असते. जाहीर नोटिशीचेही तसेच. ती त्या भागात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या दैनिकात आली, तरच हरकत घेणारा चुलतभाऊ पुढे येईल. कुणी न वाचणाऱ्या पत्रात छापलेल्या नोटिशीने फाइल जाड होते, तुमचे संरक्षण होत नाही.

पण स्थानिकतेत धोकाही आहे. तालुक्याच्या गावी जमिनीची कामे करणारे चांगले वकील थोडे असतात आणि बिल्डर, एजंट, जमीनमालक हे सगळे त्यांचेच पक्षकार असतात. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारावे : या विक्रेत्याचे, या बिल्डरचे किंवा या एजंटचे काम तुम्ही करता का, पूर्वी केले आहे का? ज्याच्या वतीने एखाद्या प्रकरणात काम केले त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमही आहे. चांगला वकील या प्रश्नाने दुखावत नाही. 'हो, त्यांचे काम माझ्याकडे आहे, तुम्ही दुसरा वकील बघा' असे सांगणारा भेटला, तर तो दुसरा कोण हेही त्यालाच विचारावे. आणि एजंटने आणून दिलेला वकील शक्यतो घेऊ नये. एजंटला त्याचे पैसे व्यवहार झाला तरच मिळतात. तुमच्या वकिलाला 'हा व्यवहार करू नका' असे म्हणता आले पाहिजे.

शोधायचे कुठे? वकिलांना जाहिरातीची मुभा नाही, त्यामुळे फलक आणि याद्या फारशा कामाच्या नाहीत. त्याच भागातल्या ज्या सोसायटीने मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे) करून घेतले आहे, तिच्या सचिवांना विचारा. जमिनीच्या कागदांशी झगडलेला वकील त्यांना माहीत असतो. निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी यांच्याकडूनही खरी नावे कळतात. मला स्वतःला केवळ सर्च रिपोर्ट लिहिणाऱ्यापेक्षा दिवाणी न्यायालयात वाटणीचे आणि मालकीचे दावे चालवणारा वकील जास्त भरवशाचा वाटतो. कागद कुठे फाटतो हे त्याने कोर्टात पाहिलेले असते. निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेले दस्तलेखक लिखाणात तरबेज असतात, पण मालकीबद्दल मत देणे हा त्यांचा अधिकार नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

पहिल्या भेटीत वकील तुम्हाला काय विचारतो याकडे लक्ष द्या. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर विक्रेत्याला बहिणी किती, त्यांनी हक्कसोडपत्र दिले का आणि ते नोंदवले का, हा प्रश्न यायलाच हवा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना सहदायक म्हणून हक्क आहे, आणि २००५ चा बदल लागू झाला तेव्हा वडील हयात नव्हते तरीही तो आहे, हे २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट झाले. फ्लॅट मृत सभासदाच्या नॉमिनीकडून घेत असाल तर बाकी वारसांची चौकशी यायला हवी, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कुलमुखत्यारपत्रावर विक्री असेल तर ते लिहून देणारा हयात आहे का, हे विचारले पाहिजे. विक्रेता परदेशी राहणारा असेल तर करकपात वेगळ्या आणि बऱ्याच मोठ्या दराने करावी लागते. ते तुम्हाला आधीच कळायला हवे. यातले काहीही न विचारता जो 'टायटल क्लिअर आहे, काळजी करू नका' म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

अहवाल लेखी घ्या. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोध घेतला, कोणती पुस्तके उपलब्ध नव्हती, शोधशुल्काच्या चलनाचा क्रमांक, पाहिलेल्या फेरफारांची यादी, आणि शेवटी स्पष्ट मत. 'दाखवलेल्या कागदांवरून' असे मोघम लिहिलेले असेल तर न दाखवलेले कागद कोणते, ते विचारा.

या काटेकोरपणाला कारण आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. त्याआधी २०१२ मध्ये न्यायालयाने म्हटले होते की मालकीबद्दलचे मत चुकले, एवढ्यावरून वकिलावर फौजदारी जबाबदारी येत नाही. फसवणुकीत त्याचा हात होता हे दाखवावे लागते. तक्रारीसाठी बार कौन्सिल आणि दिवाणी न्यायालय आहेत, पण तो मार्ग लांबचा. त्यामुळे सगळी सावधगिरी निवडतानाच बाळगावी लागते.

फी आधी ठरवा आणि पावती घ्या. शोध, जाहीर नोटीस, साठेखताची तपासणी, नोंदणीच्या दिवशी हजेरी यांतले काय फीमध्ये धरले आहे, ते लिहून घ्या. व्यवहार पूर्ण झाल्यावरच फी, असा सौदा मात्र करू नका. तो करताच तुमचा वकील आणि एजंट एकाच बाजूला जाऊन बसतात.

आणि हे सगळे विसार देण्यापूर्वी. लाखभर रुपये टोकन देऊन, पेढे वाटून मग वकिलाकडे येणारी माणसे फार. तोवर 'नाही' ऐकण्याची त्यांची तयारी संपलेली असते. घर हातचे जाईल अशी भीती असेल आणि थोडी रक्कम द्यावीच लागली, तर मालकी निर्वेध न निघाल्यास ती पूर्ण परत मिळेल, हे विसार पावतीतच लिहून घ्या. त्या अटीचा मजकूर कसा असावा आणि त्यातले कोणते शब्द विक्रेते गाळायला लावतात, ते पुढच्या लेखांकात.