इंग्रजी व्यापारी पत्रव्यवहार : तो कसा शिकावा व कसा शिकवावा

ज्यास आपण कधीं पाहिलें नाहीं व ज्यानें आपणांस कधीं पाहिलें नाहीं, अशा मनुष्यापुढें आपल्या वतीनें उभें राहण्याचें काम पत्र करीत असतें. समोरासमोर बोलतांना मुद्रा व स्वर हीं आपल्या साहाय्यास येतात. बोलणें अपुरें राहिलें तर ऐकणारा पुन्हां विचारतो. पत्रास असें साहाय्य नाहीं. कागदावर जेवढें उतरलें तेवढेंच दुसऱ्या टोंकास पोहोंचतें. त्यांतून तें पत्र परभाषेंत लिहावयाचें व कामकाजाचें असेल, तर एक आंकडा राहिल्यानें माल भलत्याच ठिकाणीं जातो, एक कारण न दिल्यानें शिष्यवृत्तीचा अर्ज बाजूस पडतो, आणि एक उद्धट भासणारें वाक्य नोकरीच्या उमेदवारास दारांतूनच परत फिरवितें. म्हणून या विषयाकडे परीक्षेंतील एक प्रश्न एवढ्याच दृष्टीनें न पाहतां, त्याचें मर्म काय व तें मराठी मुलांस कसें समजावून द्यावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय बहुधा नमुने पाठ करून घेऊन शिकविला जातो. पत्ता कोठें लिहावा, तारीख कोठें घालावी, मायना कोणता, शेवट कोणता, हें विद्यार्थ्यास मुखोद्गत असतें; परंतु मायना व शेवट यांच्या मध्यें काय लिहावें, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. मग ती मोकळी जागा तो ऐकीव वाक्यांनीं भरून काढतो. ‘आय बेग टु स्टेट’, ‘डू द नीडफुल’ यांसारखीं वाक्यें आमच्या कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत. ज्या कचेरी-इंग्रजीपासून अशी भाषा आम्हीं उचलली, तिचा कंटाळा खुद्द इंग्लंडांतही आला होता. तेथील ट्रेझरी या सरकारी खात्याच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनीं ‘प्लेन वर्ड्स’ हें छोटें पुस्तक लिहिलें व तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. सरकारी नोकरांनीं लोकांस लिहावयाचीं पत्रें साध्या, नेमक्या व वाचणाऱ्याची अडचण ओळखणाऱ्या भाषेंत असावीं, हाच त्या पुस्तकाचा रोख आहे. तेव्हां जें अवजड तेंच भारदस्त, ही समजूत सोडून देण्यासारखी आहे.

साधेपणाचा हा आग्रह आपल्या देशासही नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या लेखांविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे. (हा ग्रंथ म्हैसूर येथील आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला.) त्या अध्यायांत लेखाचे सहा गुण सांगितले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व. मुख्य गोष्ट आधीं यावी हा अर्थक्रम. पुढील मजकुरानें मागील मजकूर खोडला जाऊं नये हा संबंध. कांहीं उणें नाहीं व कांहीं अधिक नाहीं ही परिपूर्णता. अर्थ सहज व गोड लागावा हें माधुर्य. शब्द गांवढळ नसावे हें औदार्य. आणि प्रचारांतील शब्द वापरावे हें स्पष्टत्व. दोषही सांगितले आहेत. त्यांत परस्परविरोध, पुनरुक्ति व व्याकरणाच्या चुका यांबरोबरच मळकट पान व वांकडेंतिकडें पुसट अक्षर यांचीही गणना केलेली आहे. राजाच्या आज्ञापत्रास लावलेली ही कसोटी चाळीस वह्यांच्या मागणीपत्रासही तंतोतंत लागू पडते. मुलांनीं हे सहा गुण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, व प्रत्येक पत्र त्यांच्याशीं ताडून पाहावें.

आतां मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी पत्र लिहितांना जी खरी अडचण पडते तिच्याकडे वळूं. ती अडचण शब्दांची नसून आदराची आहे. मराठींत आदर क्रियापदांत व सर्वनामांत मुरलेला असतो. ‘पुस्तकें पाठवावीं’ एवढें म्हटलें कीं विनंति झाली. ‘पाठवा’ म्हटलें तरी अनेकवचनानें मान राखला जातो. इंग्रजींत लहानथोर सर्वांस एकच ‘यू’. ‘सेंड द बुक्स’ या वाक्यांत ‘पाठवीव’ व ‘पाठवावीं’ हा भेद राहतच नाहीं, आणि अनोळखी वाचकास तो हुकूम वाटतो. मुलाच्या मनांत नम्रता असते, परंतु भाषांतराच्या वाटेंत ती गळून पडते. इंग्रजी मनुष्य तीच नम्रता निराळ्या साधनांनीं दाखवितो : तो ‘प्लीज’ म्हणतो, ‘वुड’, ‘कुड’ अशीं साहाय्यक क्रियापदें योजतो, किंवा विनंतीस प्रश्नाचें रूप देतो. ‘कुड यू प्लीज सेंड द बुक्स’ असें लिहिलें म्हणजे मराठींतील ‘पाठवावीं’ पुरतेपणीं उतरलें.

उलट कांहीं मुलें आदर हरवेल या भीतीनें त्याचा ढीग रचतात. ‘रिस्पेक्टेड सर’नें आरंभ, ओळीओळीस ‘सर’, आणि शेवटीं ‘युवर मोस्ट ओबीडियंट’ अशा शब्दांची रांग. यांत इंग्रजींतील विनय साधत नाहीं, व मागणें कोठें आहे तें मात्र शोधावें लागतें. शिक्षकांनीं या ठिकाणीं केवळ लाल रेघ न ओढतां, मराठी वाक्य व इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहून, आदर कोणत्या शब्दांत बसला आहे तें मुलांकडून दाखवून घ्यावें. एकदां हें कळलें कीं पुष्कळ नियम पाठ करण्याचें कारण उरत नाहीं.

मायन्याचीही गोष्ट अशीच आहे. आपल्या जुन्या पत्रपद्धतींत वडिलांस ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, व बाहेरच्या प्रतिष्ठितांस ‘राजमान्य राजश्री’ असे नात्याप्रमाणें व मानाप्रमाणें मायने असत. इंग्रजींत या सर्वांच्या जागीं ‘डियर’ हा एकच शब्द. अपरिचित व्यवस्थापकास ‘प्रिय’ कसें म्हणावें, असा संकोच मुलांस वाटतो. परंतु पत्राच्या आरंभीं त्या शब्दांत प्रेमाचा अर्थ उरलेला नाहीं, ती केवळ दार ठोठावण्याची रीत आहे. ब्रिटिश रिवाजाप्रमाणें ‘डियर सर’ किंवा ‘डियर मॅडम’ असा नांवावांचून आरंभ केला, तर शेवटीं ‘युवर्स फेथफुली’. नांव घेऊन आरंभ केला, तर ‘युवर्स सिन्सिअरली’. अमेरिकेंत नुसतें ‘सिन्सिअरली’ पुष्कळ वेळां चालतें.

अशाच कांहीं लहान परंतु महाग पडणाऱ्या बाबी सांगून ठेवितों. ‘शंका’ या अर्थीं आपण ‘डाउट’ हा शब्द सर्रास वापरतों. परंतु ‘तुमच्या किंमतीविषयीं मला डाउट आहे’ असें परदेशीय पेढीस लिहिलें, तर आपला तिच्यावर विश्वास नाहीं असा अर्थ होतो. तेथें ‘क्वेश्चन’ हा शब्द पाहिजे. ३/४ अशी तारीख इंग्लंडांत व आपल्याकडे तीन एप्रिल, तर अमेरिकेंत चार मार्च समजली जाते; म्हणून महिन्याचें नांव अक्षरांत लिहावें. लाख व कोटी हीं मोजमापें बाहेरच्या देशांत बहुतेकांस ठाऊक नसतात. तेथें दहा लाखांस ‘मिलियन’ म्हणावें. मराठींत ‘ए’ व ‘द’ यांसारखीं उपपदें नाहींत, त्यामुळें तीं आपल्या लेखनांतून गळतात. पण ‘ए बिल’ म्हणजे कोणतें तरी एक बिल व ‘द बिल’ म्हणजे तेंच ठरलेलें बिल, हा भेद हिशेबाच्या पत्रांत क्षुल्लक नाहीं.

हें सर्व वर्गांत कसें शिकवावें? आमची पहिली सूचना ही कीं, लेखणी उचलण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें एका मराठी वाक्यांत सांगावें : हें पत्र वाचून वाचणाऱ्यानें काय करावें? उत्तर देतां आलें नाहीं, तर पत्र लिहिण्याची वेळ आलेली नाहीं असें समजावें. आधीं विचार आपल्या भाषेंत स्वच्छ करावा, मग तो इंग्रजींत मांडावा. मराठीचा हा उपयोग इंग्रजीस बाधक नसून तिचा पाया भरणारा आहे.

दुसरी सूचना अशी कीं, पत्रास खरा वाचक मिळवून द्यावा. वर्गाचे दोन गट करावे. एक गिऱ्हाइकांचा, दुसरा दुकानदारांचा. गिऱ्हाइकांनीं शाळेसाठीं क्रिकेटचें सामान मागविणारें पत्र लिहावें. दुकानदारांनीं त्यांतील व्याकरण तपासूं नये; पत्रांत जें आहे तेवढ्यावरूनच सामान बांधावयाचें, व जें नाहीं तें गृहीत धरावयाचें नाहीं, एवढाच नियम पाळावा. मग ते विचारूं लागतील : बॅटी किती? मोठ्यांच्या कीं लहान मुलांच्या? चेंडू कातड्याचे कीं रबराचे? सामान कोणत्या तारखेपर्यंत हवें? पाठवावयाचें कोठें? पैसे कोण व कसे देणार? ‘क्रिकेटचें सामान लौकर पाठवावें’ एवढें लिहिणाऱ्या मुलास शिक्षकांच्या दहा व्याख्यानांनीं जें कळणार नाहीं, तें मित्रांच्या या सहा प्रश्नांनीं कळतें. त्यानंतर त्यानें पत्र पुन्हां लिहावें, व व्याकरणाची दुरुस्ती या दुसऱ्या खेपेस करावी.

तक्रारीचें पत्र सर्वांत अवघड, कारण त्यांत राग असतो. परंतु पत्र उघडणारा कारकून बहुधा चूक करणारा नसतो, आणि चूक दुरुस्त करणें पुष्कळदां त्याच्याच हातीं असतें. त्यास शिव्या दिल्यानें आपलें काम पुढें सरकत नाहीं. काय मागविलें होतें, तें केव्हां मागविलें, प्रत्यक्ष काय आलें, आणि आपणांस दुसरा माल पाहिजे कीं पैसे परत, या चार गोष्टी अनुक्रमें लिहाव्या, व बिलाची नक्कल सोबत जोडावी. सौम्य शब्दांत मांडलेली पक्की हकीकत नाकारणें कोणासही कठिण जातें.

आज कामकाजाचीं बहुतेक पत्रें ई-मेलनें जातात; तथापि वरील नियमांत त्यानें फरक पडत नाहीं. तारेंत शब्दागणिक पैसा पडे, म्हणून लोक शब्द तोलून वापरीत. भारतांतील ती तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. ई-मेलला शब्दांचा खर्च नाहीं, त्यामुळें तो काळजीपूर्वक लिहिण्याची अधिकच गरज आहे. विषयाच्या ओळींत ‘अर्जंट’ असें न लिहितां, काम काय तें चार शब्दांत सांगावें. प्रति पाठविण्याच्या जागीं येणारीं ‘सी सी’ हीं अक्षरें ‘कार्बन कॉपी’ या टंकलेखनाच्या काळांतील शब्दांचीं आहेत; ती प्रत ज्यांस खरोखर प्रयोजन आहे त्यांसच पाठवावी. क्षणांत पत्र रचून देणारे संगणकही आतां मुलांच्या हातीं आले आहेत. त्यांची भाषा पुष्कळदां निर्दोष असते. पण माल कोणत्या दिवशीं आला, किती नग फुटले, व आपणांस हवें तरी काय, हें त्यांस ठाऊक नसतें. आणि ठाऊक नसतांही मोकळी जागा ते भरून टाकतात. सही मात्र आपली असते.

पालकांसही येथें एक विनंति करावीशी वाटते. आपणांस इंग्रजी येत नसलें तरी या अभ्यासांत आपण मोठें साहाय्य करूं शकतां. मुलानें लिहिलेलें पत्र त्यास मराठींत समजावून सांगावयास लावा, आणि मग विचारा : यानें आपलें काय म्हणणें आहे, तें त्या माणसास कळेल का? जें घरांत समजत नाहीं तें बाहेरही समजणार नाहीं. एखाद्या दिवशीं घरांतील खरीच गरज, मग ती गॅसची तक्रार असो, बँकेकडील चौकशी असो किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज असो, त्याच्यावर सोंपवा. जें पत्र खरोखर जावयाचें आहे, तें मूल निराळ्याच काळजीनें लिहितें. आणि त्याचें उत्तर आलें म्हणजे त्यास होणारा आनंद कोणत्याही गुणपत्रिकेंत मिळावयाचा नाहीं.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें कीं, पत्र दुसऱ्याच्या दप्तरांत राहतें, व वर्षांनंतरही आपल्याविषयीं साक्ष देतें. म्हणून जी तारीख पाळतां येईल तीच लिहावी, जें येत असेल तेंच अर्जांत ‘येतें’ म्हणून सांगावें, आणि लिहून झाल्यावर एकदां सावकाश मोठ्यानें वाचल्यावांचून तें पेटींत टाकूं नये.