पाठवलेल्या हजारो मेलांसाठी फोल्डर कशाला?

पाठवलेले मेल कामवार फोल्डरांत लावून ठेवले की हवा तो चटकन हाती लागतो, अशी समजूत कागदी फायलींच्या काळातून चालत आली आहे. कागद एकाच जागी असतो, ती जागा ठाऊक नसली तर तो मिळत नाही. मेलला हे बंधन नाही. आयबीएमच्या संशोधकांनी 2011 साली 345 वापरकर्त्यांनी जुने मेल पुन्हा शोधण्याच्या 85 हजारांहून अधिक कृती तपासल्या. फोल्डर धुंडाळून मेल काढायला सरासरी 58 सेकंद लागत होते, तर सर्चने 17. शिवाय फोल्डरवाल्यांना यशही जास्त मिळत नव्हतं, आणि मेल लावण्यात गेलेला वेळ वेगळाच. एखादं प्रकरण सहकाऱ्याच्या हवाली करायचं असेल तेव्हा फोल्डर जरूर करावा. रोजच्या शोधासाठी ती मेहनत वाया जाते.

यावर आक्षेप येतो, की सर्चला शब्द लागतो आणि नेमका तोच आठवत नाही. आलेल्या मेलांबाबत यात तथ्य आहे, कारण तिथले शब्द दुसऱ्याचे असतात. पाठवलेल्या मेलातले शब्द मात्र आपले स्वतःचे, म्हणून सर्च इथे अधिक भरवशाचा. शब्द नाहीच आठवला तर माणूस आणि सुमारे कोणता महिना हे बहुधा आठवतं. जीमेलच्या सर्चमध्ये कोणाला पाठवला, कोणत्या तारखांच्या आसपास, सोबत अटॅचमेंट होती का, हे निकष भरता येतात.

पण सर्चमध्ये आला नाही म्हणजे मेल पाठवलाच नव्हता, हा निष्कर्षही चुकीचा. जीमेल शब्दाचा तुकडा जुळवत नाही. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘पावती’ शोधताना ‘पावतीची’, ‘पावत्या’ ही रूपंही टाकून पाहावी लागतात. रोमन लिपीतल्या मराठीला तर स्पेलिंगचा धरबंधच नाही. ट्रॅश आणि स्पॅममधले मेल साध्या सर्चमध्ये येत नाहीत. पॉप पद्धतीच्या जुन्या खात्यांत पाठवलेल्या मेलची प्रत ज्या संगणकावरून तो गेला तिथेच राहते, मोबाइलवर ती दिसणारच नाही.

याच्या उलट, ‘सेंट’मध्ये दिसतो म्हणजे समोरच्याला पोहोचला, असंही नाही. ती आपल्या बाजूला ठेवलेली प्रत असते. पत्ता चुकला किंवा समोरची पेटी भरलेली असली तर परत आलेली सूचना इनबॉक्समध्ये पडते आणि ‘सेंट’मधली प्रत जशीच्या तशी राहते. तेव्हा महत्त्वाच्या कामात पोच मागून घ्यावी.

मेल सापडेल की नाही, हे पाठवतानाच बरंचसं ठरतं. ‘पाहावे’ किंवा ‘अर्जंट’ असा विषय लिहिलेले शंभर मेल एकसारखेच दिसतात. पुढचा मेल पाठवण्याआधी विषयाच्या ओळीत कामाचं नाव, बिलाचा किंवा अर्जाचा क्रमांक आणि महिना एवढं लिहाच.