चार चाकं, एक सिलिंडर : ३,८०० चं सील

स्प्रॉकेटचे दात या आठवड्यात मोजायचे ठरले होते. ते आज होणार नाही. सांगलीहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे आणि त्याचा प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला सारून मला दातांकडे वळवत नाही.

हा मुलगा त्याच्या कॉलेजच्या बाहा संघात आहे. २००७ पासून आपल्याकडे होणारी ही स्पर्धा मराठी इंजिनियरिंग कॉलेजांना नवी नाही. मुलं वर्षभर वर्कशॉपमध्ये राबून स्वतःची एटीव्ही बांधतात आणि ती मातीत, खड्ड्यांत, उड्यांवर तासन्‌तास पळवून तपासली जाते. इंजिन मात्र सगळ्यांना सारखंच मिळतं : ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, एकच सिलिंडर, दहा हॉर्सपॉवर. त्याचा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांना लगाम घालणारा भाग, ३,८०० आरपीएमला लावून सील केलेला असतो.

मुलानं मागच्या आठवड्यातलं पिस्टनच्या सरासरी वेगाचं सूत्र घेतलं. स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले साठ. या इंजिनाचा स्ट्रोक जेमतेम ६२ मिलिमीटर, म्हणजे ३,८०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला आठ मीटरसुद्धा भरत नाही. मी तर लिहिलं होतं की चांगल्या बांधणीचं इंजिन वीस मीटरपर्यंत बिनघोर चालतं. त्यानं उलटा हिशेब मांडला आणि उत्तर आलं ९,७००. तो विचारतो : ‘मग आमच्या इंजिनाला ३,८०० वर का बांधून ठेवलंय? ही स्पर्धेची शिस्त आहे की इंजिनाची गरज?’

दोन्ही. शिस्तीचा भाग सोपा आहे. ताकद सगळ्यांची सारखी राहावी आणि चुरस वजनात, सस्पेन्शनमध्ये, सीव्हीटीच्या, म्हणजे बेल्टवरच्या स्वयंचलित गिअरच्या, जुळणीत व्हावी, हा त्यामागचा विचार आहे. गरजेचा भाग मात्र मोठा आहे, आणि आजचा सगळा लेख त्याच्यावरच खर्च करणार आहे.

पिस्टनचा सरासरी वेग सांगतो झिजेबद्दल. रिंग लायनरवर किती वेगानं घासते, मधला तेलाचा पापुद्रा किती ताणला जातो, हे त्यातून कळतं. इंजिन तुटतं मात्र वेगामुळे नव्हे. पिस्टन दर फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला थांबवून माघारी खेचायला जो जोर लागतो, त्यानं इंजिन तुटतं. शेतातली गोफण ज्यानं फिरवली आहे त्याला हा जोर दोरीतून हाताला कळलेला असतो. इथे दोरीच्या जागी कनेक्टिंग रॉड आहे. हा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो : फेरे दुप्पट झाले की जोर चौपट, फेरे दहा टक्के वाढले की जोर एकवीस टक्के.

आता सांगलीच्या इंजिनाचाच हिशेब करू. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून ४०० ग्रॅम धरा. ३,८०० ला पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा रॉडवर साधारण २६० किलोची ओढ येते. ९,७०० ला तीच ओढ सतराशे किलोच्या आसपास जाते. रॉड तोच, बोल्ट तेच, ओढ साडेसहापट. शिवाय हा रॉड ॲल्युमिनियमचा आहे आणि बिग एंडला वेगळं बेअरिंग नाही. रॉडचाच धातू थेट क्रँकपिनवर फिरतो. वंगणाला पंपही नाही. रॉडच्या टोपीखाली एक छोटी पट्टी असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते. ३,८०० ला ही व्यवस्था उत्तम चालते; शेतातले पंप, जनरेटर अशाच साध्या इंजिनांवर वर्षानुवर्षं चालतात. फेरे बेसुमार वाढवले की पट्टी तेल उडवण्याऐवजी घुसळायला लागते, तेलाचा फेस होतो आणि फेसाचा पापुद्रा धरत नाही.

फ्लायव्हीलची भीती मला याहून जास्त वाटते. तो ओतीव धातूचा असतो आणि त्याच्या अंगातला ताणसुद्धा वर्गानंच वाढतो. रॉड तुटला तर केसिंगला भोक पडतं. फ्लायव्हील फुटला तर तुकडे चालकाच्या दिशेनंही येतात. परदेशात अशी इंजिनं कार्टिंगसाठी गव्हर्नर काढून पळवतात, पण ती माणसं आधी सबंध धातूतून कातलेला रॉड आणि तसाच फ्लायव्हील बसवतात. गव्हर्नर त्यानंतर काढतात. हा क्रम उलटा करू नका.

एकटा सरासरी वेग किती फसवा असतो याचं माझं आवडतं उदाहरण सांगतो. यामाहा रॅप्टर ७०० हा क्वाड घ्या. बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक ८४, ६८६ सीसी, सिलिंडर एकच. तो ९,००० ला नेला तर पिस्टनचा सरासरी वेग होतो सेकंदाला २५.२ मीटर. आता २००७ सालचं फॉर्म्युला वनचं इंजिन घ्या. २.४ लिटर, आठ सिलिंडर, बोअर ९८, स्ट्रोक ४० मिलिमीटरला जेमतेम कमी. त्या वर्षी नियमानं त्याला १९,००० ची मर्यादा घातली गेली. तिथे पिस्टनचा वेग किती? तोही २५.२ मीटर! वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारणारं एक धूड आणि जगातली सर्वांत महागडी इंजिनं, दोघांचे पिस्टन एकाच सरासरी वेगानं पळतात. मात्र फॉर्म्युला वनच्या पिस्टनला अर्ध्याहून कमी अंतरात तो वेग गाठून पुन्हा थांबायचं असतं, म्हणून त्याच्यावरचा ताण, किलोला किलो लावला तर, रॅप्टरच्या दुपटीहून जास्त. रॅप्टरचं दुःख वेगळं आहे : त्याचा पिस्टन ताटलीएवढा आणि जड. अर्धा किलो धरला तरी ९,००० ला रॉडवर अडीच टनांची ओढ येते.

ही ओढ सगळ्यात वाईट कधी असते? बहुतेकांना वाटतं, फुल रेस देऊन चढ चढताना. तसं नाही. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा एका वेळी त्याच्यासमोर दाबलेलं, पेटलेलं मिश्रण असतं. ते त्याला खाली ढकलतं आणि रॉडची ओढ हलकी करतं. पुढच्या वेळी, एक्झॉस्ट संपताना, वर काहीच नसतं. थांबवायचं काम एकट्या रॉडला आणि त्याच्या बोल्टांना करावं लागतं. अशा वेळी थ्रॉटल बंद असला आणि फेरे जास्त असले तर सिलिंडरमधलं शोषणही रॉडला वर ओढायला लागतं. म्हणून उतारावर थ्रॉटल सोडून इंजिन ओरडत ठेवणं ही विश्रांती नव्हे. रॉडसाठी तीच खरी कसोटी.

आणि इथेच रेव्ह लिमिटरचा गैरसमज येतो. सीडीआयमधला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या डबीतला, लिमिटर ठरलेल्या आरपीएमला ठिणगी तोडतो. इंजेक्शनच्या गाड्यांत बहुधा पेट्रोलही तोडलं जातं. इंजिन स्वतःच्या बळावर फेरे वाढवत असेल तेव्हाच त्याचा उपयोग. चाकंच इंजिनाला फिरवायला लागली की ठिणगी तोडून काय होणार? चौथ्या गिअरमध्ये ९,००० वर असताना पायानं घाईत तिसरा टाकला आणि दोन गिअरमधला फरक सव्वापट असला, तर क्लच सोडताच इंजिन ११,२५० ला जातं. ओढ दीडपटीहून जास्त. लिमिटर त्या क्षणी आपलं काम इमानानं करत असतो आणि त्याचा काडीचाही उपयोग नसतो. मी पाहिलेल्या वाकलेल्या व्हॉल्वांच्या इंजिनांत असा चुकलेला डाउनशिफ्ट वारंवार निघाला आहे.

व्हॉल्वांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅम व्हॉल्व ढकलून उघडतो, पण बंद करतो तो स्प्रिंग. फेरे वाढले की व्हॉल्वला माघारी आणायला लागणारा जोर वर्गानं वाढतो आणि स्प्रिंगचा जोर आहे तेवढाच राहतो. एका टप्प्यानंतर व्हॉल्व कॅमचा माग सोडतो, हवेत राहतो, उशिरा बसतो. पिस्टन तोवर वर आलेला असतो. असं इंजिन उघडलं की पिस्टनच्या काळ्या माथ्यावर व्हॉल्वच्या कडेनं उठवलेली अर्धगोल चकचकीत खूण दिसते, नखानं चाचपली तर खोली लागते. खूण फिकट असेल तर दैव बलवत्तर समजा, पण स्प्रिंगा त्याच दिवशी बदला. बाहेरून ओळखायचं तर आवाजावरून. लिमिटर लागला की आवाज एका लयीत तुटतो, तड-तड-तड. व्हॉल्व तरंगायला लागले की आवाज पसरट होतो, ताकद मरते आणि हेडमधून खडखड येते. लिमिटर उडवणारा सीडीआय विकत घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. स्प्रिंगा जुन्याच ठेवून फक्त सीडीआय बदलणं म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवणं.

टू स्ट्रोकवाल्यांना वाटेल, आपल्याकडे व्हॉल्वच नाहीत. खरं आहे. १९८७ ला आलेला यामाहा बॅन्शी हा माझा लाडका क्वाड. दोन सिलिंडर, ६४ बाय ५४ मिलिमीटर, ३४७ सीसी. हे आकडे कोल्हापूर-पुण्याकडच्या जुन्या मंडळींना झोपेतही आठवतील, कारण एस्कॉर्ट्सनं १९८३ ला आणलेल्या राजदूत ३५० चेही हेच. घराणं एकच, बॅन्शी पाण्यानं थंड होणारा, राजदूत हवेनं. ९,००० ला पिस्टनचा वेग १६ मीटरच्या पुढे जेमतेम जातो, आणि पोर्ट व सायलेन्सर ज्या फेऱ्यांसाठी जुळवलेत त्याच्या वर ताकद आपोआप ओसरते. मग धोका कुठे? तेलात. बॅन्शीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे पेट्रोल बंद की वंगण बंद. लांब सपाटीवर फुल रेस देऊन एकदम अंगठा उचलला की पिस्टन तापलेला, फेरे चढलेले आणि तेल शून्य. सीज व्हायला एवढं पुरतं. त्यामुळे अशा वेळी क्लच दाबावा किंवा अंगठा हळूहळू ढिला करावा. राजदूतला वेगळा तेलपंप होता, पण तोही थ्रॉटलच्या केबलशी बांधलेला, म्हणून तिथेही हीच सवय कामाची.

पुन्हा बाहाच्या गाडीकडे येतो, कारण गव्हर्नरची एक मजा सांगायची राहिली. लिमिटर क्षणात तोडतो. गव्हर्नर तसा नाही. क्रँककेसमध्ये छोटी वजनं फिरतात, वेग वाढला की फाकतात, एक दांडा ढकलतात आणि स्प्रिंगच्या विरुद्ध थ्रॉटल मिटत आणतात. या सगळ्याला थोडा वेळ लागतो. उडीवर चाकं हवेत गेली, भार एकदम सुटला, की गव्हर्नर जागा होईपर्यंत इंजिन काही क्षण ३,८०० च्या वर जाऊन येतं. मग चाकं फिरत असतानाच जमीन लागते आणि तो सगळा झटका बेल्टवर, गिअरबॉक्सवर, ॲक्सलवर येतो. तुमच्या संघाचे शाफ्ट उड्यांनंतरच तुटत असतील तर चालकाला सांगा, उडी घेतल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय ढिला कर, टेकल्यावर पुन्हा दाब. यात वेळ जात नाही, आणि चार तासांच्या शर्यतीत गाडी शेवटपर्यंत टिकते.

नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या क्वाडबद्दलही एक वाक्य. थ्रॉटलच्या डबीवर जो स्क्रू असतो तो थ्रॉटल किती उघडावा एवढंच ठरवतो, फेरे नाही. चाक रुतलं असताना किंवा न्यूट्रलमध्ये भार नसतो आणि अर्ध्याच थ्रॉटलवर इंजिन किंचाळू शकतं. मुलाला गाडीवर बसवणाऱ्यानं स्क्रूच्या भरवशावर राहू नये.

जास्त फेऱ्यांवर चालवायला माझी ना नाही. इंजिनाचं गाणं वरच्या पट्टीतच रंगतं, आणि तिथे जाण्यासाठीच ही यंत्रं बांधली आहेत. फक्त गार इंजिनाला रेस देऊ नका. पिस्टन लायनरच्या आधी फुगतो आणि अडकतो. तेलाची पातळी रोज बघा, एअर फिल्टर वाळूच्या प्रत्येक दिवसानंतर धुवा, टॅपेटचं अंतर वेळच्या वेळी तपासा. लिमिटरवर लटकत राहण्याऐवजी त्याच्या थोडं खाली गिअर टाका. ताकद तसंही तिथेच असते.

सांगलीच्या मित्रा, तुझं गणित बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक. गव्हर्नरचं सील तसंच राहू दे. ३,८०० मध्ये जिंकायचं असेल तर गाडीचं वजन कमी कर आणि सीव्हीटीच्या स्प्रिंगा बदलून बदलून बघ. स्प्रॉकेट पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांच्याकडे चेनची गाडी आहे त्यांनी पुढचे-मागचे दात मोजून वहीत लिहून ठेवावेत, लगेच लागणार आहेत.