चूक झाली, पण कुठे?

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता डिप्लोमाला, बी.एस्सी.ला संगणकाची भाषा शिकतात. पालकांनो, मुलगी तासभर पडद्याकडे बघत गप्प बसली असेल तर तिला आळशी म्हणू नका. बहुधा ती एका ओळीपाशी अडली आहे, आणि घरात विचारायला कुणी नाही.

पायथॉन ही भाषा सध्या पुष्कळ ठिकाणी शिकवतात. गुइडो व्हॅन रॉसम या डच माणसाने ती 1991 साली प्रसिद्ध केली. पहिल्या ओळीतला कंस बंद करायचा राहिला, तर पूर्वी संगणक दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवी आणि म्हणे, 'इनव्हॅलिड सिंटॅक्स', म्हणजे रचना अमान्य. दुसरी ओळ तर बरोबर असे! मूल तीच पुन्हा पुन्हा खोडून लिही आणि शेवटी म्हणे, 'मला हे जमणार नाही.' आम्हा कारकुनांना हा प्रकार नवा नाही. अर्जावर नुसता 'अपूर्ण' असा शेरा मारला की माणूस चार हेलपाटे घालतो. 'रकाना 7 मध्ये सही नाही' एवढे लिहिले तर काम तिथेच होते.

पायथॉनची जुनी वाचनपद्धत पुढचा एकच शब्द बघून निर्णय घेई. 2020 साली 3.9 या आवृत्तीत ती पद्धत बदलली. त्या पायावर ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 3.10 आवृत्तीत संदेश सुधारले. आता संगणक उघडा राहिलेला कंस नेमका दाखवतो आणि तो बंद केलाच नाही असे सांगतो. 'प्रिंट' शब्दातले अक्षर गळाले तर 'तुम्हाला प्रिंट म्हणायचे होते का?' असे विचारतो. हे शहाणपण यायला तीस वर्षे लागली! भाषा बनवणाऱ्या पंडितांना नवशिक्याची अडचण लवकर दिसत नाही, दुसरे काय?

संदेश अजून इंग्रजीतच येतात, ही अडचण आहेच. नेदरलँड्समधल्या फेलिन हर्मन्स यांनी 2020 साली मुलांसाठी 'हेडी' ही भाषा काढली. तिच्यात सुरुवातीला कंस आणि अवतरणचिन्हे लागतच नाहीत, ती पायरीपायरीने येतात. मुलांना आज्ञाही इंग्रजीखेरीज इतर अनेक भाषांतून देता येतात.

मुलांना एक जरूर सांगा. पायथॉनचा लांबलचक संदेश आला तर शेवटची ओळ आधी वाचायची. काय बिघडले ते तिथे असते. आणि कॉलेजच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते विचारा. 3.10 च्या आधीची असेल तर नवी घालून द्या म्हणावे. पायथॉनला एक पैसाही पडत नाही.