जुनी मोटार आणि रंगाखालचा गंज

जुनी मोटार विकत घेण्यास निघालेला गृहस्थ बहुधा तीन गोष्टी पाहतो: इंजिनाचा आवाज, टायरांची स्थिति आणि रंगाची चकाकी. यांपैकीं पहिल्या दोहोंविषयीं तो एखाद्या जाणत्या मिस्त्र्यास विचारतो. तिसरीविषयीं मात्र आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आणि नेमका तेथेंच फसतो. इंजिन बिघडलें तर तें उतरवून दुरुस्त करतां येतें. टायर झिजले तर नवे घालतां येतात. परंतु ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर हें सर्व उभें आहे तोच आंतून खाल्ला गेला असेल, तर पुढचा सर्व खर्च वाळूवर बांधलेल्या भिंतीसारखा होय. म्हणून जुन्या गाडीच्या खरेदींत पहिला प्रश्न ‘इंजिन कसें आहे?’ हा नसून ‘पत्रा कसा आहे?’ हा असला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

गंज म्हणजे काय, हें आपण सर्वांनीं शाळेंत शिकलेलें असतें. लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी हीं तीन एकत्र आलीं कीं गंज धरतो. यांतील प्राणवायु वगळणें आपल्या हातीं नाहीं. म्हणून आपले बहुतेक उपाय लोखंडापासून पाणी दूर ठेवण्याचे आहेत. गंजणें ही मूलतः एक सूक्ष्म विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पाण्यांत मीठ मिसळलें म्हणजे त्यांतून विद्युत्प्रवाह सुलभतेनें वाहतो आणि ही क्रिया त्वरेनें होते. उलट हवेंतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः शेंकडा ६० च्या खालीं असेल तर लोखंड फार मंदपणें गंजतें. यामुळेंच रत्नागिरीच्या खाऱ्या हवेंत दहा पावसाळे काढलेली गाडी आणि सोलापूरकडील तितक्याच वयाची गाडी यांची योग्यता सारखी समजूं नये. गाडी कोणत्या सालची, याबरोबरच ती आजवर कोणत्या गांवीं आणि कशा जागेंत उभी राहिली, हेंही अवश्य विचारावें.

या गंजाचा एक दुष्ट स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. ॲल्युमिनियमवर हवेनें जो पातळ थर चढतो, तो धातूस घट्ट चिकटून तिचें रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचें तसें नाहीं. तो सच्छिद्र व ठिसूळ असतो, ओल धरून ठेवतो, आणि ज्या लोखंडापासून झाला त्यापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो फुगतो, रंगास खालून उचलतो आणि खालचें ताजें लोखंड हवापाण्यास उघडें करून देतो. म्हणून रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसला तर दुखणेंही वाटाण्याएवढेंच आहे असें मानूं नये. पुष्कळदां तो गंज आंतल्या बाजूनें सुरू होऊन, सबंध पत्रा खाऊन, मग बाहेर डोकावलेला असतो. वैद्यांच्या रसशास्त्रांत शंभर वर्षांचा जुना मंडूर उत्तम समजतात. मोटार घेणाऱ्यास मात्र पांच वर्षांचा गंजही परवडत नाहीं!

येथें कोणी म्हणेल, कीं पत्रा हा केवळ शोभेचा भाग. त्यास भोंक पडलें म्हणून काय बिघडलें? जीपसारख्या ज्या गाड्यांखालीं चॅसीचा निराळा लोखंडी सांगाडा असे, त्यांच्या बाबतींत हें म्हणणें अंशतः खरें होतें. परंतु १९५३ सालीं निघालेली फियाट ११००, तिच्यापासून पुढें मुंबईंत कुर्ल्यास बनूं लागलेली प्रीमियर पद्मिनी, त्याचप्रमाणें अँबॅसडर, या गाड्यांस स्वतंत्र चॅसी नाहीं. घडवलेल्या व जोडलेल्या पत्र्यांची पेटी हाच त्यांचा सांगाडा. आजच्या बहुतेक घरगुती मोटारींची रचनाही अशीच आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तथापि आजोबांची पद्मिनी वा अँबॅसडर जपून ठेवणारीं घरें अद्याप आहेत, आणि तशी गाडी हौसेनें विकत घेणारेही आहेत. अशा गाडीचा दाराखालचा उंबरठा किंवा तळाचा पत्रा गंजला, तर तिचें हाडच मोडलें असें समजावें. अपघात झाल्यास ती पेटी चेपते. सीटचा पट्टा ज्या पत्र्यास अडकवलेला तो पत्राच उपटून येतो. ज्या गाडींत आपण वृद्ध मातापितरांस आणि लहान मुलांस बसवणार, तिच्याविषयीं ही शोभेची गोष्ट खास नव्हे.

तेव्हां पाहणी कशी करावी? ती दिवसाउजेडीं, गाडी कोरडी असतांना करावी. कारण ओल्या पत्र्यावरील बारीक उंचसखलपणा दिसत नाहीं. बरोबर एक विजेरी आणि मऊ फडक्यांत गुंडाळलेला लोहचुंबक घ्यावा. प्रथम गाडीच्या एका टोंकाशीं उभें राहून पत्र्यावरून तिरकी नजर टाकावी. जेथें प्रतिबिंब वेडेंवांकडें दिसतें तेथें पत्र्यावर काम झालेलें आहे. त्या जागीं चुंबक लावावा. चांगल्या पत्र्यास तो चटकन् धरतो. भोंकांत लांबी भरून वर रंग चढवला असेल तर निसटतो. बोटानें ठोकून पाहिल्यास पत्रा खणखणीत वाजतो, लांबी बद्द वाजते. माठ घेतांना आपल्या घरच्या बायका हीच परीक्षा करतात.

त्यानंतर खालील जागा क्रमानें पाहाव्या: दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी, पुढच्या कांचेच्या रबराखालची कड, आणि जेथें आम्ल सांडलेलें असतें ती बॅटरीखालची बैठक. मागची डिकी उघडून स्टेपनीचें चाक बाहेर काढावें व त्याखालचा खळगा पाहावा. आंतील गालिचा उचलून तळाचा पत्रा हातानें चांचपावा. शेवटीं गाडी मिस्त्र्याच्या खड्ड्यावर नेऊन तिच्या पोटाखालून उंबरठे, जॅक लावण्याच्या जागा, स्प्रिंगा व शॉक ॲब्सॉर्बर जेथें जोडलेले असतात ते सांधे, आणि ब्रेकच्या नळ्या तपासाव्या. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. गंजलेली जागा जॅकवर केव्हां बसेल याचा नेम नसतो. सबंध पोटास नुकताच काळाभोर डांबरी लेप दिलेला आढळल्यास संतोष न मानतां संशय घ्यावा.

शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों. संस्कृतांत यासच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. परंतु गंजाच्या बाबतींत हा न्याय अर्धाच लागू पडतो. एक शीत कच्चें निघालें तर भात कच्चा हें ठरतें. मात्र एक जागा चांगली निघाली म्हणून बाकीच्या चांगल्या, असें अनुमान काढतां येत नाहीं.

पुरांत सांपडलेल्या गाड्यांविषयीं विशेष सावध असावें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ सालीं सांगली-कोल्हापुरास आणि जुलै २०२१ मध्यें चिपळुणास महापूर आला. अशा वेळीं बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, पुष्कळदां दुसऱ्या गांवीं, विक्रीस येतात. सीटांखालचे रूळ व बोल्ट तांबूस झालेले असले, किंवा गालिच्याखालीं आणि दिव्यांच्या आंत गाळाची बारीक रेघ दिसली, तर किंमत कितीही कमी असो, तो सौदा सोडून द्यावा.

सर्वच गंज प्राणघातक असतो असें मात्र नव्हे. त्याच्या तीन अवस्था मानाव्या. पहिली वरवरची, खरडल्यावर खालीं लखलखीत पत्रा लागतो. दुसऱ्या अवस्थेंत पापुद्रे सुटतात व पत्र्यास खड्डे पडतात. तिसऱ्या अवस्थेंत आरपार भोंक पडतें. पहिली कोठेंही असली तरी चिंता नाहीं. तिसरी दाराच्या कडेस किंवा मडगार्डास असेल तर तेवढा भाग बदलतां येतो. परंतु दुसरी वा तिसरी अवस्था जर सांध्यांत, उंबरठ्यांत किंवा पट्टा अडकवण्याच्या जागेजवळ असेल, तर गाडी घेऊं नये. ब्रिटनमधील मोटारींच्या वार्षिक तपासणींत अशा महत्त्वाच्या सांध्यांपासून ३० सेंटिमीटरांच्या आंतील पत्रा गंजानें फार दुबळा झालेला आढळल्यास गाडी नापास करतात. आपणही तेंच माप हाताशीं ठेवावें. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असून पुढें तपासणी करून ५ वर्षांचें नूतनीकरण होतें. तथापि तो कागद जवळ आहे म्हणून पोकळ उंबरठ्याच्या आंत गंज नाहीं, असें सिद्ध होत नाहीं.

आतां उपचार. वरवरचा गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश कागदानें चकचकीत धातु लागेपर्यंत घासून काढावा. जो खड्ड्यांतून निघत नाहीं त्यास गंज पालटणारें द्रावण लावतात. त्यांतील एका प्रकारांत फॉस्फोरिक आम्ल असतें. तें गंजाचें रूपांतर लोहाच्या फॉस्फेटांत करतें. दिल्लीस कुतुबमिनाराजवळ उभा असलेला सुमारें १,६०० वर्षांपूर्वींचा लोहस्तंभ टिकण्याचें कारण त्याच्या लोखंडांतील फॉस्फरसानें धरलेला असाच फॉस्फेटाचा पातळ थर होय, असें कानपूरच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनीं दाखवलें आहे. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यास हातभार लागला. दुसऱ्या प्रकारच्या द्रावणांत टॅनिन असतें. लोखंडी विळीवर आवळा चिरला असतां तो काळा पडतो, आणि हिरडा व हिराकस यांपासून पूर्वीं काळी शाई करीत, तीच ही क्रिया. तांबूस गंज पालटून निळसर काळा थर होतो. यांवर त्याच दिवशीं प्रायमर व नंतर रंग द्यावा. नुसता प्रायमर लावून गाडी पावसांत ठेवूं नये, कारण तो पाणी शोषतो. भोंक पडलेला भाग कापून तेथें नवा पत्रा वेल्डिंगनें जोडावा आणि सांध्याच्या आंतून मेणाचा लेप द्यावा. गंजावरच पत्र्याचें ठिगळ ठोकणें किंवा डांबर फांसणें म्हणजे पू असलेल्या गळवावर पट्टी बांधण्यासारखें आहे.

गाडी घरीं आल्यावर तिची निगा फारशी खर्चाची नाहीं. ती केवळ नियमाची आहे. दारांच्या व उंबरठ्यांच्या खालीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें असतात, तीं धुळीनें बुजतात; मे महिन्यांत एक काडी घेऊन तीं मोकळीं करावीं. पावसाळ्यांत पायपोस बाहेर काढून वाळवावे. समुद्रकांठीं जाऊन आल्यावर गाडीचें पोट गोड्या पाण्यानें धुवावें. चाकांच्या कमानींत चिकटलेला चिखल काढावा, कारण तो ओल्या पोटिसासारखा पत्र्यास लागून राहतो. खडा लागून रंग उडाल्यास आठवडाभरांत तेथें रंगाचा ठिपका द्यावा. ओल्या गाडीवर मेणकापड घालूं नये. बंद दमट कोठीपेक्षां वारा खेळणारी उघडी पडवी गाडीस अधिक मानवते. हीं कामें घरांतील मुलांस वांटून द्यावीं. त्यांत त्यांस पदार्थविज्ञानही कळेल आणि वस्तु जपण्याची संवयही लागेल.

वडिलार्जित गाडीचा मोह मोठा असतो, आणि स्वस्त मिळालेल्या गाडीचा त्याहून मोठा. म्हणून घरांत गाडी घ्यावी कीं नाहीं याची चर्चा निघेल तेव्हां कर्त्या माणसानें रंगाची व किंमतीची गोष्ट मागें ठेवावी, आणि जो कोणी पाहून आला असेल त्यास एकच विचारावें: ‘गालिचा उचलून पाहिलास का?’ त्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आल्यास पैसे पेटींतच राहूं द्यावे.